खोट्याला उतणारा बिब्बा

सिंधूच्या घरात काय वाटेल ते चाले, बिब्बा चालत नसे. टाचांना भेगा पडल्या तर मेण लावा, तूप लावा, नाहीतर तशाच भेगा घेऊन फिरा. तिची मुलगी लता कळवणहून बाळंतपणाला आली, तेव्हा शेजारच्या फुलाबाई डिंकाचे लाडू वळायला आल्या आणि गोडंबी कुठे ठेवलीय म्हणून विचारू लागल्या. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. बाळंतिणीला ती हवीच, असं सगळ्या बायका मानतात. सिंधू म्हणाली, 'बदाम घाला.'

'अहो, पण गोडंबीची सर बदामाला येते का?'

'नाही येत. बदाम घाला.'

सिडकोच्या त्या गल्लीत घरं भिंतीला भिंत लावून होती. एका घरात फोडणी पडली की दुसऱ्या घरात ठसका लागे. त्यामुळे सिंधूचा हा हट्ट चार घरांना माहीत होता. बाई कष्टाळू, अडीअडचणीला धावणारी, पण जराशी तऱ्हेवाईक, असं गल्लीने ठरवून टाकलं होतं. तिच्या डाव्या हाताला, मनगट आणि कोपर यांच्या मध्ये, चांदीच्या रुपयाएवढा काळपट, सुरकुतलेला डाग होता. अंबडच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती. तिथल्या बायकांनी विचारलं की ती सांगे, तळताना तेल उडालं. जाणूनबुजून बोललेलं असं तिच्या आयुष्यात हे एकच खोटं. गंमत अशी की बागलाणात नामपूरला तिचं माहेर होतं, आणि माहेरी तिचं नावच मुळी खोटारडी पडलेलं होतं.

ते नाव कसं पडलं, ते आधी सांगायला हवं.

सिंधू तेव्हा दहा वर्षांची असेल. शेजारच्या बहिरूची कडब्याची गंजी भर दुपारी पेटली. उन्हाळ्याचे दिवस, बैलांच्या तोंडचा घास डोळ्यांदेखत राख झाला. बहिरू सरळ सिंधूच्या दारात आला. गंजीमागून पोरं पळताना त्याने पाहिली होती, पण कोणाची ते दिसलं नव्हतं. सिंधूचा बाप सावळीराम ओट्यावर बसला होता. त्याचा राग गावाला ठाऊक होता. एकदा बैलाने पेंड सांडली म्हणून त्याने बैलाचा डोळा फोडला होता. त्याने दोन्ही पोरांना पुढे उभं केलं आणि सिंधूकडे बघून विचारलं, 'सिंधे, खरं सांग.'

सिंधूने पाहिलं होतं. तिचा मोठा भाऊ गोरक्ष गंजीच्या आडोशाला बिडी ओढत बसला होता. माणसाने खरं बोलावं, असं शाळेच्या भिंतीवरच लिहिलेलं होतं. ती म्हणाली, 'भाऊनी पेटाडी.'

गोरक्षचं तोंड पांढरं पडलं. सावळीराम उठला. आणि तेवढ्यात आतून माय आली. चंद्रभागा तिचं नाव. बाई उंच, हाडापेराने दणकट, आणि हात असा सैल की लाटणं, फुंकणी, चिमटा, जे हाताला लागेल ते सिंधूच्या पाठीत बसायचं. गोरक्षच्या वाटेला मात्र कधी चापटही आली नाही. नवसाचा पोरगा तो. चंद्रभागेच्या मुठीत बिब्बा होता.

'पोरगी खोटी बोलस,' ती म्हणाली. 'खोटा माणूसले बिब्बा उतस, खराले उतत नही. लावू आन् देखू.'

असा रिवाज नामपूरला नव्हता, आजूबाजूच्या कुठल्या गावाला नव्हता. चंद्रभागेने तो उभ्या उभ्या तिथेच काढला होता. पण तिने तो अशा आवाजात सांगितला, की बहिरूही मान डोलवायला लागला. लोकांना निवाडा आवडतो, तो कोणी आणि कशावरून काढला हे कोण विचारतं? तिने बिब्ब्याला सुई टोचली, चुलीतल्या विस्तवावर धरली आणि तेल सुटल्यावर तो तापलेला बिब्बा पोरीच्या हातावर दाबला. गोरक्ष बाजूला उभा राहून पाहत होता.

उतायचा तो उतलाच. हात सुजला, फोड आले, फोडांचं पाणी जिथे लागलं तिथे नवे फोड आले. बहिरूने येऊन पाहिलं आणि तो गोरक्षच्या पाठीवर हात ठेवून गेला. त्या दिवसापासून सिंधू खोटारडी. गावात काही हरवलं, कोणाचं भांडण लागलं, की कोणीतरी म्हणायचंच, 'सावळीरामच्या पोरीला नका विचारू, तिला बिब्बा उतला होता.'

यातली वाईट गोष्ट डाग नव्हे. वाईट गोष्ट ही, की सिंधूचा त्यावर विश्वास बसला. बिब्बा काही खोटं सांगणार नाही. म्हणजे मीच काहीतरी खोटं बोलले असणार. ती रात्र रात्र आठवून पाहायची, गंजीमागे गोरक्षच होता ना? का मी दुसऱ्या कोणाला पाहिलं? लग्न होऊन नाशिकला आली, मुलगी झाली, नवरा आजाराने गेला, तरी ती कुठलीही गोष्ट सांगताना मध्येच थांबायची आणि म्हणायची, 'असं मला वाटतं हं.' डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरही तिचा भरवसा उरला नव्हता. एका बाईने आपल्या लेकीचं यापेक्षा जास्त नुकसान ते काय करायचं!

ते सुटलं कारखान्यात, शहात्तर-सत्त्याहत्तर साली. तिच्या शेजारी मालनबाई काम करायची. सरळ, देवभोळी बाई, खोटं बोलायची वेळ आली तर त्या आधी आजारी पडेल अशी. तिचं मनगट लचकलं म्हणून सासूने बिब्बा लावला आणि हात कोपरापर्यंत सुजला. सिंधू तो हात बघतच राहिली. तिने पट्टी बांधणाऱ्या कंपाउंडरला विचारलं, 'हिला का उतला?' तो म्हणाला, 'का म्हणजे? बिब्बा आहे तो. बऱ्याच जणांना उततो. ज्याची त्याची कातडी.'

सिंधू हात धुवायच्या जागी गेली, नळ सोडला आणि रडली. मग राग आला. इतका राग आला, की त्या दिवशी पुठ्ठ्याची खोकी तिने दाबून फाडली आणि सुपरवायझरची बोलणी खाल्ली.

त्या वर्षी ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेली. आखाजीला बागलाणातल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. सिंधू गाणी म्हणायला गेली नव्हती. दुपारी माय पापड वाळत घालत होती, तेव्हा तिने सरळ विचारलं, 'माय, बहिरूची गंजी कोणी पेटवली होती?'

माय पापड उलटत म्हणाली, 'कोनती गंजी? माले काही याद नही.'

पण हातातला पापड मोडला. सिंधूने ते पाहिलं. या खेपेला तिला आपल्या डोळ्यांवर भरवसा होता. मायला सगळं आठवत होतं.

त्यानंतर सिंधूला आयुष्याकडून एकच गोष्ट हवी होती. मायने एकदा म्हणावं, की तू खोटं बोलली नव्हतीस. बस. माफी नको, गळ्यात पडणं नको. ते वाक्य बोलू शकणारी माणसं जगात दोनच होती. गोरक्ष कधी बोलणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. राहिली माय.

म्हणूनच त्र्याऐंशी साली गोरक्ष मायला घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा सिंधूने नाही म्हटलं नाही. सावळीराम जाऊन बरीच वर्षं झाली होती. मायला अर्धांगाचा झटका आला होता. डावी बाजू लुळी पडली, वाचा परत आली पण जडशीळ. गोरक्षच्या बायकोचं, सुमनबाईचं आणि तिचं हाडवैर. गोरक्ष म्हणाला, 'नाशिकला मोठे डॉक्टर आहेत. चार दिवस ठेव, दाखव, मग मी नेतो.' ते चार दिवस काही संपले नाहीत. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, शेवटी लेकच कामाला येते, केवढा जीव आहे बघा आईवर. सिंधूने ते ऐकून घेतलं. जीव वगैरे काही नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुसरा झटका आला तर माणूस जाईल किंवा वाचा तरी कायमची जाईल. ते वाक्य त्याआधी यायला हवं होतं. मायला जपण्याचं खरं कारण ते.

आणि माय होती तशीच होती. उजवा हात चालत होता, तेवढा पुरे. ताट फेकायची. अंघोळ घालताना सिंधूच्या केसांना हिसका द्यायची. गल्लीतल्या बायका बघायला आल्या की तोंड वेंगाडून सांगायची, 'ही माले उपाशी ठेवस. इना बोलनावर जाऊ नका. लहानपनपासून खोटारडी शे.' बायका हसायच्या, पण हसून घरी गेल्यावर विचार करतच असतील. फुलाबाईंनी एकदा आडून विचारलंही, 'आजी दुपारच्या जेवतात ना हो, तुम्ही कारखान्यात असता तेव्हा?' त्यांच्याच हातात सिंधू दुपारचा डबा देऊन जात असे, तरी त्यांनी विचारलं. खोटारडी हा शब्द असा असतो, एकदा घरात शिरला की कोपऱ्यात बसून राहतो.

सिंधूचा हात एकदाच उठला. मायने गरम भाताचं ताट तिच्या पायावर टाकलं आणि म्हणाली, 'आनखी आन.' सिंधूचा हात कधी वर गेला ते तिलाही कळलं नाही. तो डावा हात होता आणि बाही मागे सरकून डाग उघडा पडला होता. मायने डोळे मिटून मान खांद्यात ओढली, अगदी सिंधू ओढायची तशी. सिंधू बाहेर पडली आणि नळावर जाऊन उभी राहिली. तिला स्वतःची भीती वाटली. आपल्या अंगात हिचंच रक्त आहे, हे तोवर कधी तिच्या मनातही आलं नव्हतं.

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात मायच्या टाचा फुटल्या. नाशिकची थंडी कोरडी, आणि वर लुळ्या पायात धड रक्त खेळत नाही. भेगा इतक्या खोल, की बोट घालावं. मेण लावलं, तूप लावलं, काही होईना. माय सारखी एकच धोशा लावून बसली, 'बिब्बा लाव.' सिंधूने कान बंद केले. मग मायने फुलाबाईंना गाठलं. फुलाबाई बिचाऱ्या भाबड्या, भद्रकालीतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून दोन चांगले टपोरे बिब्बे घेऊन आल्या आणि सुट्टीच्या दिवशी ते सिंधूच्या तळहातावर ठेवून म्हणाल्या, 'म्हातारं माणूस आहे, नाही कशाला म्हणता? बिब्ब्यासारखं भेगांना दुसरं काही नाही.'

'तुम्हीच लावा मग,' सिंधू म्हणाली.

माय खाटेवरून म्हणाली, 'तूच लाव.'

का म्हणाली असेल? सिंधूने त्याचा पुढे फार विचार केला. कदाचित तिला बघायचं होतं, लेक काय करते ते.

सिंधूने निरांजन लावलं. बिब्ब्याला सुई टोचली आणि ज्योतीवर धरली. तो ओळखीचा कडवट वास आला. काळं तेल चुरचुरत सुईच्या टोकाशी जमलं. समोर मायचा पाय होता, लुळा, हलू न शकणारा. एक थेंब घोट्यावर पडला असता, दोन पडले असते, तर कोणाला काय कळलं असतं? हात हलला म्हणता आलं असतं. असं तिच्या मनात आलं, आलंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. ती कपाळावरचा घाम न पुसता एकेका भेगेत तेल सोडत गेली. भेगेच्या दोन्ही कडांना आधी खोबरेल लावून घेतलं होतं. थेंबसुद्धा बाहेर जाऊ दिला नाही. माय तिच्याकडे पापणी न लववता बघत होती.

'काय बघतेस?'

'तुना हात देखस.'

फुलाबाईंना वाटलं, म्हातारी लेकीच्या हातगुणाचं कौतुक करते आहे. त्या म्हणाल्या, 'हात हलका आहे हो तुमच्या लेकीचा.' 

पुढचे दोन-तीन दिवस माय गप्प होती. एरवी सकाळी सिंधूला कामावर जायला उशीर होईल असंच काहीतरी काढायची, ते बंद झालं. ताट फेकलं नाही. पायावरची गोधडी मात्र काढू देईना. थंडी वाजते म्हणाली. अंग पुसायला गेलं तर पाय आखडून घेई, उजव्या हाताने गोधडीची कड धरून ठेवी. सिंधूला आधी बरं वाटलं, मग शंका आली. मग गोधडीला वास यायला लागला.

तिने जोर लावून गोधडी ओढली. टाच, घोटा, पाऊल सगळं सुजून टरारलं होतं. फोड फुटून गोधडीला चिकटले होते आणि खाली पू धरला होता. लुळा पाय असला तरी त्याला अर्धीमुर्धी जाणीव होती, म्हणजे इतके दिवस ही बाई त्या वेदना गिळत पडून राहिली होती. सिंधूला क्षणभर काही उमगेना. साधं डोकं दुखलं तर गल्ली डोक्यावर घेणारी माय, ती हे का लपवेल?

मग तिने मायच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. माय घाबरली होती. दुखण्याला नव्हे. आपल्याला बिब्बा उतला, याला घाबरली होती. ज्या बाईने तो निवाडा उभ्या उभ्या मनाने काढला, तीच आता त्याच्यावर विश्वास ठेवून बसली होती. इतकी वर्षं ती तेच सांगत आली, आणि सांगता सांगता तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

डॉक्टर सिंधूवर ओरडले. 'अजून दोन दिवस गेले असते तर पाय कापावा लागला असता. घरात माणूस आहे की नाही?' रोज पट्टी बदलायला सांगितली, गोळ्या दिल्या. गल्लीत तर वाऱ्यासारखं पसरलं. फुलाबाई भीतीने दार लावून बसल्या, कारण बिब्बे त्यांनीच आणले होते. बाकीच्या बायका नळावर सिंधू आली की गप्प व्हायला लागल्या. आणि कोणी कळवलं कोण जाणे, गोरक्ष नामपूरहून पहिल्या एसटीने आला.

दुपारची वेळ होती. दाराशी शेजारणी जमल्या होत्या, त्यांच्यात फुलाबाईही पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. गोरक्ष खुर्चीवर बसला. आता तो जाडजूड, टक्कल पडलेला माणूस झाला होता, कांद्याच्या मार्केटमध्ये त्याच्या शब्दाला मान होता. त्याला बघताच मायने उजवा हात पुढे केला आणि ती रडू लागली. सिंधूने तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

'माले घर ली चाल, गोरख. हिनी मना पाय जाळी टाका.'

'बिब्बा लावला ना? मग उतला असंल.'

'बिब्बा नव्हता तो.' माय एकदम ओरडली. 'बिब्बा माले कसा उतंल? माले बिब्बा उतस नही. कारखानामधलं तेजाब व्हतं. इनी डूख धरा शे.'

दारातल्या बायकांत कुजबूज झाली. तेजाब म्हटल्यावर ज्याच्या त्याच्या डोळ्यांसमोर पोलीस उभे राहतात. सिंधूने हातातली मलमपट्टीची वाटी खाली ठेवली. नोकरी जाईल, नाव जाईल, लताच्या सासरी काय तोंड दाखवायचं, हे सगळं एकदम तिच्या डोक्यात आलं. गोरक्षने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मायला न्यावं लागेल याची त्याला जास्त धास्ती होती, हे सिंधूला दिसत होतं. तरी लोकांसमोर काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने घसा खाकरला.

'सिंधे,' तो म्हणाला, 'खरं सांग.'

बापाचेच शब्द, बापाचाच आवाज. सिंधूने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्यालाही ते ऐकू आलं असावं, कारण त्याने लगेच मान खाली घातली.

'बिब्बाच होता,' ती म्हणाली.

'मीच आणून दिले होते,' फुलाबाई दारातून म्हणाल्या. त्यांना रडू फुटलं होतं, पण बोलल्या. 'माझ्यासमोर लावले ह्यांनी. खोबरेल लावून, जपून. खोटं कशाला बोलू?'

  मायचा हात हवेत तसाच राहिला होता आणि ओठ हलत होते. तिच्याकडे आता काही उरलं नव्हतं. तेजाब नव्हतं, बिब्बाच होता, आणि तो तिला उतला होता.

आता फक्त बोलायचं होतं. 'खोट्याला बिब्बा उततो, तूच म्हणाली होतीस ना, माय?' एवढं एक वाक्य. ते सिंधूच्या जिभेवर होतं. गल्लीसमोर, भावासमोर, मायच्याच तोंडचा निवाडा मायच्याच अंगावर. गोरक्षला ते येताना दिसत होतं. तो पुटपुटला, 'जुनं काही उकरू नको.' म्हणजे त्याला सगळं आठवत होतं, अगदी आजवर.

सिंधूने मायकडे पाहिलं. मायने डोळे घट्ट मिटले होते आणि मान खांद्यात ओढून घेतली होती. दहा वर्षांची पोर विस्तवाकडे बघताना ओढते, तशीच. सिंधूला तिची कीव आली असं मी म्हणणार नाही, राग तर गच्च भरलेला होता. पण तो निवाडा तेव्हा खोटा होता, तर आजही खोटाच होता. तिचा हात तापवलेल्या बिब्ब्याने जाळला होता, खोटेपणाने नव्हे. आज मायच्या बाबतीत तो खरा मानायचा, तर मग स्वतःच्या बाबतीतही मानावा लागला असता. एवढं तिला त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

लग्न झाल्यापासून सिंधू शहरी बोलायची, मायशीसुद्धा. त्या दिवशी ती घरच्या बोलीत बोलली.

'बिब्बा कोनलेबी उतस, माय. कातडीनं काम शे ते. खरा-खोटानं काही नही.'

मायने डोळे उघडले.

'काही नही?'

'काही नही.'

'तवय बी?'

तेव्हाही, गंजी पेटली त्या दिवशीही, असं ती विचारत होती. बायकांना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण काहीतरी चाललंय हे कळत होतं. गोरक्ष उठून दाराकडे गेला होता आणि वाकून बूट घालत होता.

'तवय बी,' सिंधू म्हणाली.

मायने नजर छताकडे वळवली. मग जड जिभेने, एकेक शब्द ढकलत म्हणाली, 'तवय तू खरंच बोलनी व्हती. माले तवयच माहीत व्हतं.'

गोरक्षचे हात बुटाच्या नाडीवर थांबले. त्याची पाठ सगळ्यांकडे होती. तो तसाच वाकलेला राहिला, उठेना आणि वळेना.

'भाऊ,' सिंधू म्हणाली, 'बस चुकेल तुझी.'

तो गेला. मायला न्यायचं त्याने काढलं नाही आणि मायनेही नंतर कधी काढलं नाही. शेजारणी एकेक करून पांगल्या. फुलाबाईंनी जाताना दार हळूच ओढून घेतलं.

सिंधू खाटेशी बसली आणि जुनी पट्टी सोडू लागली. ज्या वाक्यासाठी ती इतकी वर्षं थांबली होती ते आलं होतं, आणि तिला वाटलं होतं तसं हलकं काही वाटत नव्हतं. उलट नवीनच काहीतरी लागलं होतं. मनाच्या एका कोपऱ्यात तिने नेहमी एक पळवाट ठेवली होती, की मायला खरोखरच मी खोटी वाटले असेन. आई चुकली असेल. आता तेही गेलं. मायला माहीत होतं, आणि तरीही तिने बिब्बा दाबला होता.

'माहीत होतं, तर लावलास कशाला?'

'तुना बापनी गोरखले जित्ता सोडा नसता.' माय छताकडेच बघत होती. मग म्हणाली, 'तू सोसशी असं वाटनं माले.'

सिंधूच्या हातात तो सुजलेला पाय होता. घट्ट आवळला असता तर माय किंचाळली असती. तिने तो मांडीवर घेतला, कापूस पाण्यात बुडवला आणि फोडांच्या कडेने पुसायला सुरुवात केली.

पाय बरा व्हायला उन्हाळा उजाडला. माय पुढे आणखी दोन-अडीच वर्षं जगली. ताटं फेकायचं तिने सोडलं नाही. शिव्याही तशाच देत राहिली, त्यात रांड होती, कैदाशीण होती, सात जन्माची वैरीण होती. खोटारडी मात्र पुन्हा कधी आली नाही. सिंधूने तिला माफ केलं असं कोणी म्हणू नये, कारण ते ती स्वतः कधी म्हणाली नाही. तिने शेवटपर्यंत मायचं केलं.

आणि कारखान्यात हाताच्या डागाबद्दल कोणी नवीन बाई विचारू लागली, की सिंधू आता तेल उडालं असं सांगत नसे. 'माझ्या आईने बिब्बा लावला होता,' ती म्हणायची. 'मी खरं बोलले म्हणून.'